सुईणीची साक्ष: बेचाळीसच्या पिढीची चरित्रे लिहिताना एका गावात काय झाले

पार्श्वभूमी

हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४२ साली ते सातारा जिल्ह्यात होते आणि त्याच्या शिवेवरच्या ओढ्यापलीकडे औंध संस्थानाची हद्द लागत होती. गावाचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदललेही आहेत. ओढ्याची हद्द मात्र तशीच ठेवली आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

कुंडल हे औंधचे गाव. ब्रिटिश मुलखात अडकलेल्या बेटासारखे. इंग्रजांच्या फौजदाराला संस्थानी हद्दीत परस्पर शिरता येत नसे. त्यातून औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३९ पासून कारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचा प्रयोग सुरू केला होता, त्यामुळे तिथली हवाही वेगळी होती. ओढा ओलांडला की भूमिगत कार्यकर्त्याला एक रात्र निर्धास्त झोप मिळे.

सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला मोर्चांवर गोळ्या चालल्या. त्यानंतर या भागातली चळवळ जमिनीखाली गेली आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालचे प्रतिसरकार उभे राहिले, म्हणजे इंग्रजांच्या सरकारला समांतर असे लोकांचे सरकार. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी ही त्यातली ठळक नावे. शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वे (१९४३) आणि धुळ्याचा खजिना (१९४४) या घटना सगळ्यांना ठाऊक असतात. पण गावागावांत प्रतिसरकार म्हणजे रोजचा कारभार होता. तंटे गावातच मिटवणारी न्यायमंडळे, दारूबंदी, कमी खर्चाचे गांधी विवाह, आणि या सगळ्यामागे धाक म्हणून उभी असलेली तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचे स्वयंसेवक दल. खबऱ्यांना आणि गुंडांना शिक्षा होत. लोक त्याला ‘पत्री मारली’ म्हणत, पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकतात तो नाल. प्रत्यक्षात बहुधा तळपायांवर काठ्यांचे फटके असत. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ पुन्हा आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि माणसे उघड्यावर आली.

या गावात चावडीसमोर एक दगडी स्तंभ आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ मध्ये उभारलेला. त्यावर पाच नावे, पाचही पुरुषांची. पाचही जण तुरुंगात गेलेले.

अमृतमहोत्सवी वर्षात, म्हणजे २०२२ मध्ये, गावच्या सार्वजनिक वाचनालयाने एक पुस्तक काढायचे ठरवले. केवळ या पाचांचे नाही. मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढून दर महिन्याला मनिऑर्डर पाठवणारे, मोडी वाचून दाखवणारा तलाठी, फडावर नाव कमावलेला पैलवान, हरिदास, एकशिक्षकी शाळेचा मास्तर, सुईण अशी चाळीसेक माणसे. गावाचा इतिहास म्हणजे या माणसांची आयुष्ये, ही कल्पना वाचनालयाच्या निवृत्त मुख्याध्यापक अध्यक्षांची होती. ती मला पहिल्या दिवसापासून पटली. मी संपादनासाठी त्यांच्यासोबत होतो. मुलाखती मुख्यतः वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आणि पदवीला शिकणाऱ्या गावातल्या दोन मुली यांनी घेतल्या.

अडचण कुठे आली

पाच नावांपैकी दोघे १९४४ च्या पावसाळ्यात एका उसाच्या फडातल्या खोपटात पहाटे पकडले गेले. ही गावाची सर्वांत मोठी आठवण. फितुरी कोणी केली, हेही गावाने केव्हाच ठरवून टाकलेले होते. फडाच्या शेजारी राहणारा एक मध्यम शेतकरी. काही आठवड्यांनी तुफान सेनेच्या माणसांनी त्याला रात्री उचलले, ओढ्याकाठी नेऊन शिक्षा केली. तो जन्मभर लंगडत चालला. बायकामुलांना घेऊन काही वर्षे मुंबईला राहिला, मग परत आला. त्याच्या घराला त्या प्रसंगावरून पडलेले नाव आजही पाठीमागे घेतले जाते. त्याच्या नातवंडांच्या सोयरिकी ठरताना ते पाहुण्यांच्या कानावर घातले जाते, हे मी स्वतः ऐकले आहे.

मुलाखती सुरू झाल्या तेव्हा वयस्कर माणसांपैकी जवळजवळ प्रत्येकाने हे नाव आपण होऊन घेतले. ज्यांचा जन्मच १९५० नंतरचा, त्यांनीही. त्या घराचा एक नातू वाचनालयाचा आजीव सभासद होता आणि पुस्तकासाठी त्याने वर्गणीही दिली होती.

दुसरी अडचण अगदी वेगळ्या दिशेने आली. सुईणीचे चरित्र लिहायचे होते. मातंग समाजातली ही बाई मानमोडीच्या साथीच्या सुमाराला, म्हणजे १९१८ च्या आसपास जन्मलेली, ऐंशीच्या दशकात वारलेली. तिच्या हातून गावात शेकडो बाळंतपणे झाली, पण तिच्याबद्दल एक ओळ कागदावर नव्हती. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत बापाचे नाव असते, जात असते, मुलगा की मुलगी ते असते. आईचे नावही पुष्कळदा नसते, मग सुईणीचे कुठून असणार? तिच्या सुनेला, म्हणजे आता ऐंशीच्या घरातल्या आजींना वाचनालयात बोलावले. त्या आल्या. सोबत मुलगा आणि पुतण्या आले, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या दोघांनी दिले. ‘म्हातारी लई कष्टाळू हुती’ यापलीकडे त्या बैठकीतून काही मिळाले नाही.

ग्रंथपाल बाईंनी इथे जे केले ते या साऱ्या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल होते. त्या पुन्हा गेल्या. एकट्या, दुपारी, पुरुष रानात असताना, आजींच्या घरी. रेकॉर्डर लावण्याआधी परवानगी घेतली आणि चळवळीबद्दल काहीच विचारले नाही. विचारले ते बाळंतपणांबद्दल. कोणतं अवघड गेलं, कोणत्या घरी रात्र काढावी लागली.

आजी सासूच्या तोंडून ऐकलेले सांगत गेल्या. सुईणीला रात्री-अपरात्री कंदील घेऊन शिवेपर्यंत जावे लागे. पोलिसाने हटकले तर ‘बाय अडलीया’ एवढे बोलणे पुरे होई, कारण अडलेल्या बाईकडे निघालेल्या सुईणीला थांबवण्याची छाती कोणाची नव्हती. म्हणून ओढ्यापलीकडचे निरोप तिच्याकडून जात. भाकरी जात. एकदा चुंबळीत गुंडाळून काहीतरी जड वस्तूही गेली. ती काय होती हे तिने कधी विचारले नाही.

मग ओघात त्या म्हणाल्या, “ऊसवाल्यास्नी धरलं, त्या राती आत्याबाई त्याच्याच घरात हुत्या की. पोर पायाळू. सांजंपास्नं कळा, पार कोंबडं आरवल्यावर मोकळी झाली. बाप उंबऱ्यावर बसून हुता, पाणी तापवून देत हुता. त्यो कवा गेला असंल चौकीवर?”

‘त्याच्याच घरात’ म्हणजे ज्याला गावाने फितूर ठरवले, त्याच्या घरात.

“मग आजी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही?” बाईंनी विचारले.

“सांगितलं आसंल. मांगिणीचं कोण ऐकतंय बाई.”

काय तपासले

ऐकीव गोष्टीवर ऐकीव गोष्ट. सासूने सुनेला सांगितलेले, सुनेने साठ-सत्तर वर्षांनी आम्हाला. एवढ्यावर गावाचा निवाडा फिरवता येत नाही. पण यात एक गोष्ट तपासण्याजोगी होती, ती म्हणजे बाळ.

ते बाळ पायाळू होते, याला मात्र साऱ्या गावाची साक्ष होती. पाठीत उसण भरली की लोक त्या माणसाचा पाय लावून घ्यायला त्याच्याकडे जात. तो काही वर्षांपूर्वी वारला, पण ज्यांच्या पाठीला त्याने पाय लावला ते हयात होते, आणि त्यांपैकी कोणालाही सुईणीच्या हकिकतीशी देणेघेणे नव्हते. पायाळू मूल म्हणजे पायांकडून जन्मलेले. त्याच्या जन्माला रात्र गेली हे सांगणे जुळवलेले वाटत नाही.

राहिली तारीख. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख होती १ जून. या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राची ती असते, मास्तरांनी सोयीने घातलेली. म्हणून तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून जन्म-मृत्यू नोंदवही पाहिली. नोंद मोडीत होती आणि ती वाचायला जिल्ह्याच्या ठिकाणचे एक मोडी जाणकार आले. बापाचे नाव, मुलगा, तारीख, सगळे मिळाले. दुसरीकडे मुंबईच्या पुराभिलेखागारात गृह (विशेष) विभागाच्या कागदांमध्ये त्या दोघांच्या अटकेची तारीख मिळाली. खबर कोणी दिली याचा तिथे उल्लेख नव्हता, केवळ ‘खबर मिळाल्यावरून’ एवढेच.

दोन तारखांत एका दिवसाचे अंतर होते. जन्म आदल्या दिवसाचा.

या एका दिवसावर पुस्तकाच्या समितीत फार बोलणे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. एक बाजू म्हणाली, म्हणजे बाळंतपण आदल्या रात्री उरकले होते, बाप दुसऱ्या रात्री मोकळाच होता. दुसरी बाजू म्हणाली, नोंद करणारा कोतवाल किंवा पाटील घरच्यांनी सांगितलेला दिवस लिहिणार. आपल्याकडे वार बदलतो सूर्योदयाला. पहाटे कोंबडा आरवताना झालेले मूल घरचे लोक आदल्या वाराचेच सांगतील, आणि कचेरीची इंग्रजी तारीख मात्र मध्यरात्री बदललेली असेल. त्या हिशेबाने जन्म आणि झडती एकाच पहाटेच्या ठरतात. मला दुसरा अर्थ जास्त पटतो. मात्र तो पटतो म्हणून सिद्ध होत नाही. शिवाय खबर त्याच रात्री दिली गेली असेल असेही नाही, ती दोन दिवस आधी दिलेली असू शकते.

तिसरा कागद अनपेक्षितपणे सापडला. त्याच काळात या शेतकऱ्याच्या एका बांधाच्या जमिनीच्या फेरफारावर हरकत घेतलेली होती. हरकत घेणारा त्याचा भाऊबंद, आणि गावच्या आठवणीप्रमाणे तुफान सेनेकडे त्याचे नाव पहिल्यांदा नेणाराही तोच. पुढे ती जमीन भाऊबंदाकडे गेली. हाही पुरावा नव्हे. पण न्यायमंडळापुढे आलेल्या तक्रारीमागे काय काय असू शकत होते, याकडे डोळेझाक करणे आता शक्य नव्हते.

समोरचे पर्याय

प्रसंग पूर्णपणे वगळावा, असे समितीतल्या दोघांचे मत होते. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. ज्या चळवळीने या भागाला मान दिला, जिच्या न्यायमंडळांनी सावकार आणि गुंडांपासून गरिबाला वाचवले, तिच्या हातून कदाचित एका निरपराध माणसावर अन्याय झाला असे अमृतमहोत्सवाच्या पुस्तकात लिहायचे? त्या काळात खबऱ्यांमुळे माणसे खरोखर पकडली जात होती, मार खात होती. पोलिसांच्या विरोधात भूमिगत राहून चाललेल्या न्यायदानाला वकील, अपील, उलटतपासणी यांची सोय कुठून असणार?

मला वाटते, याच कारणासाठी लिहायला हवे होते. प्रतिसरकारचे मोठेपण त्याच्या चुका झाकून टिकत असेल तर ते मोठेपण आपण फारच तकलादू मानतो. शिवाय वगळण्याने काही थांबणार नव्हते. पुस्तकात नसलेली गोष्ट पारावर आहेच, आणि पारावर तिची एकच बाजू आहे.

दुसरा पर्याय होता नावासकट सगळे छापण्याचा. इथे कायद्याचा प्रश्न येतो, आणि गावोगावी स्मरणिका काढणाऱ्यांना तो सहसा ठाऊक नसतो. मृत व्यक्तीची बदनामीही गुन्हा ठरू शकते, जर तो आरोप हयातीत तिच्या लौकिकाला धक्का देणारा असेल आणि जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला असेल. तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. आमचा हेतू तसा नव्हता. पण फितुरीच्या आरोपासकट शेतकऱ्याचे नाव छापले असते, आणि हरकत घेणाऱ्या भाऊबंदाचेही, तर दोन घरांना कोर्टाची वाट मोकळी झाली असती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाऊबंदावर आम्ही तेच केले असते जे गावाने शेतकऱ्यावर केले.

तिसरा पर्याय मधला. प्रसंग लिहायचा, नावे गाळायची, शंका मांडायची.

याच सुमाराला त्या घरातली एक नात भेटायला आली. पुण्यात नोकरी करणारी. कुणकुण तिच्या कानावर गेली होती. तिने मागितले ते आमच्यापैकी कोणाच्याही मनात नव्हते. “आजोबांचं नाव छापा,” ती म्हणाली. “नाव न घेता लिहिलंत तर गाव वाचताना आपोआप नाव घेणारच आहे. मग निदान शंका तरी नावासकट येऊ द्या. सत्तर वर्षं आमचं नाव कुजबुजीत आहे, एकदा छापलेलं दिसू दे.” दुसऱ्याच आठवड्यात तिचा चुलतभाऊ, तोच वर्गणी देणारा सभासद, येऊन म्हणाला, “सर, एक शब्दही नको. माझ्या पोरीचं जमतंय.”

एकाच घरातल्या दोन माणसांच्या या दोन मागण्या. दोघांचाही हक्क खरा. मृताच्या अब्रूचा वारस कोण, याला इतिहासाच्या पुस्तकात उत्तर नाही.

दाखल्याची श्रेणी

याच वेळी दुसरा एक निर्णय चालला होता, आणि तो दिसायला किरकोळ असला तरी माझ्या मते पुस्तकाचा कणा त्यावर होता. सुरुवातीला समितीने चरित्रांच्या तीन श्रेणी केल्या होत्या: कागदोपत्री आधार असलेली, दोन स्वतंत्र साक्षींवरची, आणि एकाच आठवणीवरची. पद्धत चोख वाटत होती. मसुदा तयार झाल्यावर दिसले की स्तंभावरची पाचही माणसे पहिल्या श्रेणीत आहेत आणि पुस्तकातल्या सगळ्या बायका तिसऱ्या.

हे आपोआप होते. कागद तयार होतो अटक झाल्यावर. १९७२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाला सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे, स्त्रियांना तीन महिन्यांचा. न पकडलेल्याला फरार जाहीर केल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा दाखला. जी बाई निरोप पोहोचवते आणि कधीच पकडली जात नाही, तिचे काम जितके चांगले तितका तिचा कागद कोरा. लीलाताई पाटील, इंदुताई पाटणकर, हौसाताई पाटील यांची नावे आज आपल्याला माहीत आहेत, कारण त्या नेत्यांच्या वर्तुळात वावरल्या आणि पुढे दीर्घकाळ सार्वजनिक जीवनात राहिल्या, बोलल्या. हौसाताईंनी पोलिस ठाण्यासमोर नवऱ्याच्या मारहाणीचे सोंग वठवून पोलिसांना गुंतवून ठेवल्याची हकिकत त्यांनी स्वतः सांगितली म्हणून कळली. पोलिसांच्या डायरीत ती एका घरगुती भांडणापलीकडे काय ठरली असती?

समितीने श्रेणी मोडीत काढली. व्यक्तीला दर्जा देण्याऐवजी प्रत्येक विधानाला त्याचा आधार लिहायचा, असे ठरले. त्यामुळे स्वातंत्र्यसैनिकाच्या चरित्रातही ‘हे कुटुंबीयांच्या आठवणीवरून’ असे आले आणि सुईणीच्या चरित्रात ‘हे नोंदवहीवरून’ असेही आले. पाचांपैकी एकाच्या घरच्यांना हे खटकले. त्यांच्या आजोबांनी नदीत उडी मारून पोलिसांना चकवल्याचा प्रसंग ‘आठवणीवरून’ झाला होता. अध्यक्षांनी त्यांच्याकडे बसून समजावले. ते पुरते पटले असे नाही, पण त्यांनी मान्यता दिली.

काय केले

पंधरा ऑगस्टला प्रकाशन ठरलेले होते. ते पुढे ढकलले गेले. हा निर्णय घ्यायला अध्यक्षांना किती त्रास झाला हे मी पाहिले आहे: पाहुणे ठरले होते, मंडप सांगितला होता. प्रकाशन दिवाळीनंतर झाले.

उसाच्या फडातल्या अटकेचा प्रसंग दोन ठिकाणी आला. पकडलेल्या दोघांच्या चरित्रात तो अटकेपुरता आला, फितुरीचा उल्लेख न करता. सुईणीच्या चरित्रात तो सविस्तर आला. तिने रात्र कुठे काढली, तिने काय सांगितले असे तिची सून सांगते, नोंदवहीत काय आहे, तारखांचा घोळ कसा आहे आणि त्याचे दोन अर्थ कसे होतात, शिक्षा कोणाला झाली (नाव न घेता), आणि या बाईला कोणी विचारले नाही हे. भाऊबंदाचा आणि जमिनीचा उल्लेख छापला नाही. तो त्या बाईच्या चरित्राचा भाग नव्हता, आणि आमच्याकडचा पुरावा त्याला पेलणारा नव्हता.

नातीला आणि नातवाला ते पान छापण्याआधी एकत्र बसवून वाचून दाखवले. नात रडली नाही, रागावली. नाव नाही म्हणून. नातवाने दोन वाक्ये बदलायला सांगितली. ती घराची जागा सांगणारी होती, त्यामुळे काढली. पूर्ण ध्वनिमुद्रणे, फेरफाराची नक्कल आणि नातीने स्वतःच्या हाताने लिहिलेले दोन पानी निवेदन वाचनालयात मोहोरबंद ठेवले आहे. पंचवीस वर्षांनी उघडण्याच्या लेखी अटीवर, आणि त्या अटीवर दोघांच्याही सह्या आहेत. नातीने सही करताना विचारले, “तोवर वाचनालय असेल ना?” अध्यक्षांनी दुसरी प्रत जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवायचे कबूल केले, आणि ठेवली.

सुनेला, म्हणजे आजींना, चरित्र वाचून दाखवले तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. सासूचे नाव अर्धे पडले होते. पूर्ण नाव, माहेरच्या गावासकट, त्यांनी लिहून घेतले.

निष्पत्ती

पुस्तक गावात वाचले गेले. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने प्रती मागवल्या. सर्वांत जास्त बोलले गेले ते अर्थात सुईणीच्या पानांबद्दल. पारावर दोन तट पडले, पण निदान तट पडले. आधी एकच बाजू होती. शिक्षा झालेल्या घराचे पाठीमागचे नाव लोकांनी घेणे बंद केले का? नाही. काही म्हाताऱ्यांनी घेणे कमी केले, असे ग्रंथपाल बाई सांगतात. भाऊबंदाच्या घरच्यांनी पुस्तकात आपला उल्लेख नसतानाही वाचनालयाचे सभासदत्व सोडले.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ अभियानात ग्रामपंचायतींना शिलाफलक उभारायचे होते. ग्रामपंचायतीने वाचनालयाकडे नावे मागितली. अध्यक्षांनी पाच नावांसोबत सुईणीचेही नाव दिले आणि सोबत पुस्तकाची प्रत. मुदत थोडी होती, ‘दाखला काय’ असा प्रश्न आला, आणि फलकावर १९७२ च्या स्तंभावरचीच पाच नावे गेली. या निर्णयाचे मला वाईट वाटते. मात्र ग्रामसेवकाच्या जागी बसून पाहिले तर त्याच्याकडे दाखवायला काय होते? एका सुनेची आठवण आणि एका पायाळू मुलाची जन्मनोंद. शासनाचा नमुना याला आधार मानत नाही.

काही घरांची अपेक्षा होती की पुस्तकामुळे वारसांना सवलतींचा दाखला मिळेल. तसे होत नाही, आणि हे प्रस्तावनेत मोठ्या अक्षरांत छापूनही चौकशी करायला लोक येत राहिले.

वेगळे काय करता आले असते

शिक्षा झालेल्या घराशी बोलणे सर्वांत शेवटी झाले. तेही नात आपण होऊन आली म्हणून. ते सुरुवातीलाच व्हायला हवे होते, दहा माणसांनी नाव घेतल्यावर लगेच. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या घरचे ऐकल्याशिवाय आरोपाची मुलाखत पुरी झाली असे धरू नये.

प्रश्नावली पुरुषांच्या इतिहासाची होती: चळवळीत भाग घेतला का, तुरुंगात गेला का, कोणत्या साली. सुईणीची हकिकत मिळाली ती बाळंतपणांबद्दल विचारल्यामुळे. पुढे असे काम करणाऱ्यांनी कामाबद्दल विचारावे. कोण रात्री बाहेर पडू शकत होते, कोणाला कोणी अडवत नसे, कोणाच्या घरात धान्य जास्त शिजत होते. जात्यावरच्या ओव्याही उतरवून घ्याव्यात. आम्हाला ज्या मिळाल्या त्यांत नाना पाटलांचे नाव येते. त्यावरून ते नाव जात्यापर्यंत पोहोचले होते एवढे नक्की कळते, त्याहून अधिक काढू नये.

तारखांसाठी सरळ साल विचारू नये. मानमोडी, वडूजची गोळी, गांधीहत्येनंतरची जाळपोळ, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ या खुणांनी विचारले की वृद्ध माणसे अचूक सांगतात, आणि दोन खुणांच्या मध्ये काय आले ते विचारले की आणखी अचूक.

नाव न छापण्याच्या निर्णयाबद्दल माझे मत अजून हलते आहे. नातीचे म्हणणे मला आजही जड जाते. आम्ही नातवाची बाजू घेतली ती त्याच्या लेकीमुळे, कारण हयात असलेल्या, काही न केलेल्या मुलीचे नुकसान आम्हाला मृताच्या अब्रूपेक्षा तातडीचे वाटले. त्या मुलीचे लग्न आता झाले आहे. दुसरी आवृत्ती निघते आहे, आणि नातीने आपला अर्ज पुन्हा दिला आहे. या वेळी तिच्या चुलतभावाने त्यावर ‘हरकत नाही’ असे लिहून सही केली आहे, पण भाऊबंदाच्या घराला विचारल्याशिवाय नाव घालू नये असे समितीतल्या तिघांचे म्हणणे आहे. ग्रंथपाल बाई पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जाणार आहेत.